टाकीतलं पाणी

१ मार्च, शनिवार

कुवाबारा-सानचा ट्रक आज बंद पडला. शनिवारी हात द्यायला म्हणून सकाळी सायकलने त्यांच्या मळ्यावर पोचलो तेव्हा ते आत बसून चावी फिरवत होते. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. मागे कोमात्सुनाचे सहा क्रेट भरून तयार. ही इथली जपानी पालेभाजी, आपल्या मोहरीच्या पाल्याच्या जवळची. दुपारपर्यंत मान टाकते. शेवटी दोघांच्या सायकलींवर एकेक क्रेट बांधून तीन फेऱ्या मारल्या आणि स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडे माल पोचवला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस पुढे, मी मागे धापा टाकत.

दुपारी गॅरेजवाला येऊन गेला. म्हणाला, "सत्तावीस वर्षांची गाडी. पेट्रोलचा पंप गेलाय. तो टाकीच्या आत असतो, टाकी उतरवावी लागेल. एवढी मेहनत या गाडीवर कोणी करत नाही. भंगारात द्या, न्यायला माणूस पाठवतो." कुवाबारा-सान "हाय, हाय", म्हणजे "हो, हो", करत ऐकत राहिले. तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "उल्हास-सान, तुमच्या गावाकडे अशा वेळी काय करतात?"

"उघडून बघतात," मी म्हणालो.

बोलून गेलो खरा.

लेकीची, अक्षयाची, शाळेची एक अर्धी कोरी वही मागून घेतली. विहिरीवरचं इंजिन खोलताना दादा म्हणायचा, काढलेला बोल्ट लिहून ठेव, डोकं ऐन वेळी दगा देतं. म्हणून ही वही. पण पहिल्याच पानावर बोल्टांऐवजी हे लिहीत बसलो आहे.

२ मार्च, रविवार

फ्यूज ठीक. पंपाला वीज सोडणारा रिले बदलून पाहिला, फरक नाही. चावी अर्धी फिरवली की चांगला पंप टाकीतून दोन सेकंद गुणगुणतो. इथे सगळं शांत. रबरी हातोडीने टाकीला हळूच टकटक केली तेव्हा एकदा गुणगुणला, इंजिनाने धरलं आणि मिनिटभरात जीव सोडला. पंपच गेलाय.

संध्याकाळी आईचा फोन. रविवारी तिचा फोन आला नाही असं होत नाही.

"कुंभारबाबा बरं हाईत न्हवं?" कुवाबारा हे नाव तिच्या तोंडात कधी बसलंच नाही. "आन् त्येंची गाडी?"

"बरी आहे, आई."

का खोटं बोललो? शहात्तर वर्षांची बाई, एवढ्या लांब, तिला कशाला घोर. गेल्या सप्टेंबरात ती तीन महिने इथे आली होती. आम्ही ऑफिसला, अक्षया शाळेत, घरात बोलायला भिंती. चौथ्या दिवशी तिने कुवाबारा-सानचा मळा शोधून काढला आणि मग रोज तिथेच. ती मराठीत बोलायची, ते जपानीत. मी तिला 'आई' म्हणतो ते ऐकून ते तिला आई-सान म्हणायला लागले. त्या छोट्या पांढऱ्या ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी पदर खोचून बसून भाजी पोचवायला जायची. दसऱ्याला तिने त्या ट्रकला त्यांच्याच बांधावरच्या झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. कुवाबारा-सान टोपी काढून बाजूला उभे होते.

परत जायच्या दिवशी पहाटे कोणाला न सांगता एकटीच मळ्यावर गेली. आम्ही हवालदिल. सहा वाजता परत आली ती चपला हातात घेऊन, थंडीत अनवाणी. विमान गाठायचं होतं, मी रागावलो. "निरोप घ्याया गेल्ते," एवढंच म्हणाली. त्या रागावण्याचं अजून वाईट वाटतं.

५ मार्च, बुधवार

जुन्या पार्ट्सच्या दुकानातून या मॉडेलचा पंप मिळेल असं उत्तर आलं. तीन आठवडे लागतील. थांबतो.

पूजा करताना देव्हाऱ्यातला गंगेचा गडू उचलला तर हलका लागला. आई-अण्णा काशीला गेले तेव्हा तोंडाला डाग देऊन बंद केलेले असे दोन गडू आणले होते. एक अण्णांच्या शेवटच्या वेळी फोडला. दुसरा आईचा. परदेशात जिवाचं काही बरंवाईट झालं तर जवळ असावा म्हणून इथे घेऊन आली होती आणि जाताना विसरली. हिवाळाभर हीटरची कोरडी हवा. डाग कुठेतरी सुटला असेल आणि पाणी उडालं असेल. तिला सांगायचं नाही असं ठरवलं.

८ मार्च, शनिवार

कुवाबारा-सानचे चिरंजीव ताकाशी-सान आले होते. माझ्याच वयाचे. सैतामात राहतात, टोकियोत नोकरी. वडिलांना रोज रात्री नऊला फोन करतात, न चुकता. चांगला माणूस आहे, फक्त सतत घाईत.

मला बाजूला घेऊन बोलले. दोन वर्षांपूर्वी, त्यांची आई वारल्यावर, त्यांनी वडिलांना शब्द दिला होता: तुमच्या हातून काही धोक्याचं घडत नाही तोवर मळा तुमचा, घर तुमचं, मी बोलणार नाही. आता त्यांच्या घराजवळच्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी होते आहे. एकतीस मार्चपर्यंत सही करून कागद द्यायचा.

"गाडी जुनी झाली म्हणून बंद पडली असेल, तर प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण उल्हास-सान, दुसरं काही कारण निघालं तर मला कळवाल ना? मी इथे नसतो. माझे डोळे तुम्हीच."

कळवतो म्हणालो.

९ मार्च, रविवार

आज टाकी उतरवली. आधी बॅटरीची वजा बाजूची तार काढली. शेडची दोन्ही दारं उघडी. सरिताने घरातलं आग विझवायचं नळकांडं आणून माझ्या पायाशी ठेवलं आणि लांब जाऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही बँकेत बसून जुने प्रोग्रॅम सांभाळता. हे पेट्रोल आहे."

"तिथेही असंच असतं. हात लावला की भडकतं."

"विनोद नको. चष्मा घाला."

पेट्रोल लोखंडी डब्यात काढून घेतलं. पट्ट्यांचे चार बोल्ट (दोन लांब, दोन आखूड; कुठला कुठे त्याची आकृती शेवटच्या पानावर). पाइपांच्या तीन क्लिपा. पंपाच्या झाकणाचे सहा स्क्रू, त्यांतला एक गंजलेला, अर्धा तास त्यातच गेला. पंप बाहेर आला तो तांबूस चिखलात लडबडलेला. जाळी भरून गेलेली.

टाकीच्या तळाशी उरलेलं मी जॅमच्या काचेच्या बरणीत ओतलं आणि उजेडात धरलं. थोड्या वेळाने दोन थर झाले. वर पिवळं पेट्रोल. खाली चहाच्या रंगाचं पाणी. चांगलं दीड फुलपात्रभर.

हवेतल्या दमटपणाने टाकीत थेंब जमतात हे मला ठाऊक आहे. एवढं नाही. एवढं पाणी कोणीतरी ओतावं लागतं.

कुवाबारा-साननी बरणी माझ्या हातातून घेतली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडूनच झालं असेल. नळी धुताना, किंवा काहीतरी. वय झालं."

 बरणी मी रिकामी करायला मागितली तर दिली नाही. शेडमधल्या फळीवर त्यांचं लाकडी छोटं देवघर आहे, त्याच्या शेजारी नीट ठेवली. घाण पाण्याची बरणी देवाजवळ! वय खरंच झालं आहे. 

११ मार्च, मंगळवार

ताकाशी-सानचा फोन. "पंप उघडलात ना? कारण कळलं?"

नवा पंप यायचाय अजून, म्हणालो. ते म्हणाले, "उल्हास-सान, खरं सांगा."

टाकीत पाणी होतं, म्हणालो. वडील स्वतःच म्हणाले की त्यांच्याकडून झालं असेल, तेही सांगितलं. "पाणी," ते म्हणाले. मग, "धन्यवाद. हे सांगणं तुम्हाला जड गेलं असणार."

खरं तेच सांगितलं. जप करायला बसलो, माळ दोनदा सुटली.

१६ मार्च, रविवार

कागद आला आहे. ताकाशी-सान ३१ तारखेला येऊन सही घेणार आणि पुढच्या महिन्यात मळा बंद. कुवाबारा-सान "हो" म्हणाले आहेत. वाद नाही, आवाज नाही. आज त्यांनी मला एक विळा दिला, धार लावून, कागदात गुंडाळून. "तुमच्याकडे राहू दे."

गाडी तरी चालू करून देतो म्हणालो. निदान कोणी घेऊन तरी जाईल. ते हसले.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती मला छळते आहे. टाकीचे बोल्ट मी एका डब्यात टाकले होते आणि माझ्या आकृतीवर चहा सांडला. लांब-आखूड कुठले ते वाचता येईना. कुवाबारा-सान पलीकडे पेंड्या बांधत होते, मान वर न करता म्हणाले, "लांब दोन इंजिनाकडे. त्यांतल्या एकाला पातळ वॉशर होता." काढत होतो मी, ते नुसते बघत होते. आठवडा झाला त्याला. शिवाय पेंड्या बांधताना त्यांना प्रत्येक दुकानाच्या मागणीचा आकडा पाठ, चिठ्ठी नाही.

असा माणूस टाकीत पाणी ओतेल आणि विसरेल? पण विसराळूपणा म्हणे असाच येतो, तुकड्यातुकड्याने. सरिताच्या मावशींना जुनी गाणी पाठ होती आणि जेवल्याचं आठवत नसे.

आईने फोनवर पुन्हा गाडीचं विचारलं. पुन्हा बरी आहे म्हणालो.

२० मार्च, गुरुवार

आज इथे सुट्टी. दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, लोक पितरांच्या दर्शनाला जातात. कुवाबारा-सान सकाळीच पत्नीच्या समाधीवर गेले. मी एकट्याने टाकी आतून धुतली, गंज खरवडला, पुन्हा धुतली, उन्हात उलटी करून ठेवली.

फळीवरच्या बरणीशेजारी त्यांनी हिरव्या पानांची डहाळी ठेवली आहे. देवघरापुढे ठेवतात तशीच.

त्यांना विचारायचा धीर झाला नाही.

२३ मार्च, रविवार

रात्रीचं जेवण तसंच ठेवून लिहितो.

आईचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत होतो, म्हणून अक्षयाने घेतला. तिला मी काही सांगून ठेवलं नव्हतं. तिने आजीला सरळ सांगून टाकलं, "आजी, ट्रक कोवारेता. मोडला. बाबा रिपेअर करतायत." मी धावत आलो तोवर आईचा चेहरा पडद्यावर होता.

"बंद पडली? आरं, आसं कसं हुईल?"

"आई, जुनी गाडी आहे. पंप गेला."

"न्हाई, न्हाई. तिला काय बी व्हायचं न्हाई. म्या गंगा घातलीया तिच्या प्वाटात."

मी म्हणालो, "काय घातलंस?"

"गंगा. निघायच्या दिशी. पहाटं गेल्ते न्हाई का? म्हातारं माणूस, येकटं गाडी हाकतंय, शेजारी बसाया कोन न्हाई. वरनं हार घालून भागतंय व्हय? रोज कॅनातनं जितं वततात तितंच वतली समदी. चपला काडून, हात जोडून. पंपाला काय करायचंय, गंगा हाय आत."

अक्षया हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. मी आईला काहीतरी म्हणालो, रेंज नाही वगैरे, आणि फोन ठेवला.

देव्हाऱ्यातला गडू काढला. उलटा केला. बुडाला खिळ्याने पाडलेलं भोक आणि त्यावर मेणाचा ठिपका, नीट बोटाने दाबलेला. आईचं बोट.

विसरली नव्हती ती.

आणि मी त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मुलाला फोनवर काय सांगितलं!

२४ मार्च, सोमवार

सरिताला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली.

"ताकाशी-सानना सांगणार?"

"सांगावंच लागेल."

"काय सांगाल? परदेशी बाई आली, लोकांच्या गाडीच्या टाकीत नदीचं पाणी ओतून गेली? चौदा वर्षं कचरासुद्धा वेगळा करून टाकतोय आपण, कोणी बोट दाखवू नये म्हणून. या गल्लीत 'इंडियाचे लोक' म्हटलं की यापुढे हेच निघेल." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि आईंचं? त्यांनी श्रद्धेने केलं. तुम्ही ते टेबलावर ठेवणार, गुन्ह्यासारखं."

 ती चूक बोलत नव्हती.

रात्रीच्या भाकऱ्या करताना ती पाठमोरी असतानाच म्हणाली, "उद्या एकादशी आहे ना? उपासाचं काय करू डब्यात?"

"पापमोचनी आहे," मी म्हणालो.

"मग सांगूनच या," ती म्हणाली. "शेंगदाणे देते."

२५ मार्च, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर ताकाशी-सानना त्यांच्या ऑफिसजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटलो. त्यांनी माझ्यासाठी केक मागवला. उपास आहे म्हणालो. उपास म्हणजे काय हे समजावून झालं आणि मग वाटलं, हे अवघड नव्हतं, पुढचं अवघड आहे.

जपानीत मी रोज बोलतो. सिस्टिम का बंद पडली, कोणाची चूक, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, या सगळ्याची वाक्यं माझ्या तोंडात बसलेली आहेत. आज त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. गडू सांगितला. काशी सांगितली. तो गडू माणसाच्या शेवटच्या वेळी फोडतात, ते पाणी ओठांवर घालतात, आणि तो माझ्या आईचा स्वतःचा होता, हे सांगितलं. मग सांगितलं की तो तिने तुमच्या वडिलांच्या टाकीत ओतला. त्यांच्या रक्षणासाठी. आणि मी काहीही माहीत नसताना तुम्हाला फोनवर ते बोललो.

खाली वाकून माफी मागितली. शेजारच्या टेबलावरची दोघं बघत होती.

ताकाशी-सान चमचा फिरवत राहिले. कॉफीत साखर नव्हती, तरी. शेवटी विचारलं, "सगळा ओतला?"

"सगळा."

"मग माझे वडील का म्हणाले, त्यांच्याकडून झालं?"

"मला माहीत नाही."

"मी विचार करतो," ते म्हणाले. इथे हे वाक्य बहुतेकदा नकाराच्या जागी वापरतात. परतीच्या ट्रेनमध्ये बसल्यावर शेंगदाणे खाल्ले.

२८ मार्च, शुक्रवार

पंप आला. ताकाशी-सानकडून काही नाही.

२९ मार्च, शनिवार

सकाळी सातला सुरू केलं. नवा पंप, नवी जाळी, झाकणाखाली नवं रबर. सहा स्क्रू आडवे-तिरपे थोडेथोडे आवळले, एकदम नाही. टाकी वर चढवायला दोन माणसं लागतात; कुवाबारा-साननी खालून गुडघ्याचा टेकू दिला. त्यांना पाण्याबद्दल अजून काही बोललो नव्हतो. पंप बसू दे, मग बोलतो, असं स्वतःला सांगत होतो. भित्रा माणूस कामात लपतो.

दहाच्या सुमारास शेडच्या दारात सावली आली. ताकाशी-सान. ऑफिसच्या बुटांनी चिखलातून आलेले. काही न बोलता खाली बसले, माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि पाइप दिसतील असा धरला. तिन्ही क्लिपा लावून होईपर्यंत धरून होते.

मग तिथे बसल्याबसल्याच वडिलांना म्हणाले, "पाणी आई-साननी ओतलं होतं. उल्हास-साननी मला सांगितलं."

कुवाबारा-साननी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. कोणाचं तरी ठेवायला दिलेलं हातून सुटलं तर माणूस पाहतो, तसं पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं," ताकाशी-सान म्हणाले.

"मी हरितगृहाच्या मागे होतो. पहाट होती. त्यांनी आधी चपला काढल्या. जमिनीवर दव पडलेलं, गोठायला आलेलं. मग टाकीचं झाकण काढलं."

"आणि तुम्ही थांबवलं नाहीत."

"चपला काढल्या होत्या त्यांनी," म्हातारे पुन्हा म्हणाले, जणू यात सगळं आलं.

मला राहवलं नाही. "पण नंतर? ती भारतात परत गेल्यावर टाकी रिकामी करून टाकायची होतीत. तुम्हाला गाडी कळते. पाण्याने काय होतं ते माहीत होतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. "पण प्रार्थना परत ओतून काढायची कशी, ते नाही माहीत."

 ताकाशी-सान फळीवरच्या बरणीकडे बघत होते. मीही. वरचं पेट्रोल उडून गेलं आहे, गंज खाली बसला आहे, मधलं पाणी आता बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. तीन आठवडे मी ते येता-जाता पाहत होतो आणि वय झालं, वय झालं म्हणत होतो.

"मी तुम्हाला विसराळू म्हणालो," ताकाशी-सानचा आवाज चढला. मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "घर सोडायला सांगितलं. तरी तुम्ही गप्प! सही करणार होतात!"

"मग काय पाहुण्या बाईंचं नाव घ्यायचं? त्या इथे नाहीत. उत्तर द्यायला येऊ शकत नाहीत."

ताकाशी-सान उठले. बाहेर गेले. नाल्याच्या बाजूला उभे राहून बराच वेळ बुटांचा चिखल काढत राहिले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "कागद माझ्या बॅगेत आहे. तिथेच राहील." मग, "चावी फिरवून बघा ना."

बॅटरीची तार जोडली. कुवाबारा-साननी चावी अर्धी फिरवली. टाकीतून गुणगुण आली, दोन सेकंद, आणि थांबली. मला विहिरीवरचं इंजिन आठवलं, पाणी पाटात पडायच्या आधी असंच एक क्षण सगळं थांबायचं. मग त्यांनी पूर्ण फिरवली आणि इंजिनाने पहिल्याच फेरीला धरलं.

मी गाडीखाली झोपून प्रत्येक जोड बघितला. गळती नाही.

बाहेर आलो तर कुवाबारा-सान उतरले होते आणि चावी माझ्यापुढे धरून उभे.

"ताकाशीचं अर्धं बरोबर आहे," ते म्हणाले. "टाकीत पाणी आहे हे माहीत असून तीन महिने गाडी चालवणारा माणूस थोडा वेडाच. आजपासून शनिवारी तुम्ही चालवा. मी आई-सानच्या जागेवर बसतो. इतर दिवशी भाजीवाल्याचा पोऱ्या येऊन माल नेईल, मी बोललोय."

"परवाना?" ताकाशी-साननी विचारलं.

"परत करतो. मी स्वतः जाऊन. तू सांगितलंस म्हणून नाही."

"हाय," ताकाशी-सान म्हणाले, आणि शाळेतल्या मुलासारखे हसले.

३० मार्च, रविवार

पाडवा. मळ्यावरच्या बांबूची काठी काल ट्रकमधून आणली होती. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत बसवताना खालचे शेजारी वर बघत होते. कडुलिंब इथे मिळत नाही. सरिताने चैत्राच्या चटणीची हौस मेथीच्या कडूपणावर भागवली. श्रीखंडाचा डबा घेऊन अक्षया सायकलने मळ्यावर गेली, परत आली ती कोमात्सुनाच्या दोन पेंड्या घेऊन.

आईचा फोन.

"झाली का सुरू?"

"झाली, आई. पहिल्या चावीला."

"हुईल न्हाई तर काय," ती म्हणाली. "म्हनलं न्हवतं?"

मी "हो" म्हणालो. या आठवड्यात दोन माणसांना खरं सांगितलं, आणि जिने ते केलं तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही. हे बरोबर आहे का, ते मला नक्की ठरवता येत नाही. पूजेला बसलो की रोज एकदा मनात येईल, येऊ दे.

मग मी म्हणालो, "आई, तुझा गडू रिकामा झाला. पुढच्या खेपेला काशीचं पाणी मागवून ठेवतो, तुझ्यासाठी."

"कशाला उगं," ती म्हणाली. "त्येंला रोज जायचं असतंय त्या रस्त्यानं. मला काय, येकदाच जायचंय."

फोन ठेवल्यावर रिकामा गडू पुसून होता तिथेच ठेवला.

पंपाची नोंद इथे संपायला हवी. पण हत्यारं आवरताना डब्याच्या तळाशी एक पातळ वॉशर सापडला. पट्टीच्या लांब बोल्टाचा असणार, डावीकडच्या की उजवीकडच्या ते वहीत चहाखाली गेलं आहे. शनिवारी गाडी काढण्याआधी बसवायचा आहे. कुवाबारा-सानना विचारतो. त्यांना आठवत असेल.